लेकरू, घर आणि पळणं: वाचकांचे प्रश्न

बाळंतपणानंतर पुन्हा पळायला कधी लागावं, घर सांभाळून वेळ कसा काढावा, खाण्यापिण्याचं काय, अशी बरीच पत्रं मराठवाड्यातून आली. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत. उत्तरं स्त्रियांच्या फिजिओथेरपीचं आणि धावण्याच्या प्रशिक्षणाचं काम करणाऱ्यांनी लिहिली आहेत.

प्रश्न: सिझेरियन होऊन अडीच महिने झाले. लग्नाआधी पोलीस भरतीची तयारी करत होते, तेव्हा रोज पाच-सहा किलोमीटर पळायची. टाके सुकलेत, दुखत नाही. आता मैदानावर जाऊ का? घरचे पोटाला पट्टा घट्ट बांधायला सांगतात. तो बांधून पळलं तर चालेल का? (उदगीर, जि. लातूर)

मैदानावर जा, पण सध्या फक्त चालायला. टाके सुकले म्हणजे वरची कातडी भरली. सिझेरियनमध्ये तिच्याखालचं, पोटाच्या स्नायूंवरचं जाड आवरणही कापून शिवलेलं असतं. सहा आठवड्यांनी त्याची ताकद मूळच्या निम्म्याहून जराशीच जास्त असते. सहा-सात महिन्यांनी ती 73 ते 93 टक्क्यांपर्यंत येते. पळताना दर पावलाला जमिनीकडून शरीरावर वजनाच्या दोन-अडीच पट जोर येतो. वजन 60 किलो असेल तर तो 120 ते 150 किलो झाला, आणि तो ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंनाही पेलायचा असतो. म्हणून बाळंतपण कसंही झालेलं असो, 12 आठवड्यांच्या आत पळू नये. तुमच्यासारख्या सिझेरियन झालेल्या बऱ्याच जणींना चार ते सहा महिने लागतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आधी पोटाचे स्नायू किती फाकलेत ते पाहा. उताणं झोपून गुडघे वाकवा, बेंबीच्या वर दोन बोटं आडवी ठेवा आणि डोकं जरा उचला. दोन बोटांपेक्षा जास्त फट लागत असेल, किंवा पोटाच्या मधोमध लांबट उंचवटा येत असेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. अशा वेळी सिट-अप्स तर अजिबात नकोत. फट भरायचं सोडून उंचवटा वाढतो.

पट्ट्याचं म्हणाल तर सुरुवातीच्या आठवड्यांत उठता-बसताना तो बरा वाटतो. पण करकचून बांधला की पोटातला दाब खाली, ओटीपोटाच्या तळावर जातो. पळताना तो बांधू नका. पट्ट्याशिवाय पळवत नसेल तर शरीराची तयारी अजून झालेली नाही असं समजा.

पुढचे सहा आठवडे हे करा. रोज 30 मिनिटं सपाट जागी चालणं. एक दिवसाआड घरीच चार व्यायाम: उताणं झोपून कंबर उचलणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं, भिंतीला धरून टाचा उचलणं आणि कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं. प्रत्येकी 10 पासून सुरू करून 20 पर्यंत न्या. कंबर उचलणं, उठणं आणि टाचा उचलणं हे जमू लागलं की एकेका पायावर करा. डॉक्टरांनी जखम पूर्ण भरली असं सांगितलं असेल तर रोज पाच मिनिटं व्रणावर दोन बोटांनी खोबरेल तेल लावून वर-खाली आणि आडवं चोळा. व्रण खालच्या थराला चिकटून बसला की कंबर मोकळी वळत नाही. व्रणाभोवती बधिर वाटणं मात्र नेहमीचं आहे.

मग परीक्षा घ्या: 30 मिनिटं चालणं, एका पायावर 10 सेकंद उभं राहणं, एका पायावर अर्धवट बसून उठणं 10 वेळा, जागच्या जागी एक मिनिट जॉगिंग, पुढे 10 उड्या, एका पायावर जागीच 10 उड्या. शेवटच्या दोन गोष्टींतच बहुतेक जणी अडकतात, म्हणून त्या टाळू नका. यातलं सगळं दुखल्याशिवाय, लघवी न निसटता आणि खाली जड न वाटता झालं, तर पळायला सुरुवात.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. पाच मिनिटं चाला, मग एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं, असं सहा वेळा. दुसऱ्या आठवड्यात आठ वेळा. तिसऱ्यात दोन मिनिटं पळणं, दोन चालणं, सहा वेळा. चौथ्यात तीन मिनिटं पळून दीड मिनिट चालणं. पाचव्या-सहाव्यात पाच मिनिटं पळून एक मिनिट चालणं, चार वेळा. आठव्या आठवड्याच्या आसपास 20 ते 25 मिनिटं सलग पळता येतं. पळताना एक अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. भरतीच्या 800 मीटरची सवय असलेल्या मुली पहिल्याच दिवशी वेगानं सुटतात. फुप्फुसं साथ देतात, पण पोटाचं आवरण अजून तेवढं तयार नसतं. दुसऱ्या दिवशी व्रणाजवळ ओढ, कंबरेत कळ किंवा ओटीपोटात जडपणा राहिला तर मागच्या आठवड्याचा क्रम पुन्हा करा. थांबलेला रक्तस्राव पुन्हा सुरू झाला, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा छातीत दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न: बाळंतपण नॉर्मल झालं, लेकरू सात महिन्यांचं आहे. पळायला लागलं की लघवी निसटते. पॅड लावून पळते आणि घरातून निघायच्या आधीपासून पाणी पीत नाही. बाई म्हटलं की हे असंच, असं सगळ्या म्हणतात. खरंच इलाज नाही का? (अंबाजोगाई, जि. बीड)

इलाज आहे, आणि बहुतेक वेळा तो व्यायामाचाच असतो. हे बऱ्याच जणींना होतं, एवढंच त्या म्हणणाऱ्या बायकांचं खरं. सोसत राहायची काही गरज नाही.

योनी, मूत्रमार्ग आणि गुदद्वार यांच्याभोवती पाळण्यासारखा ताणलेला स्नायूंचा थर असतो. बाळंतपणात तो ताणला जातो. त्याला पुन्हा बळ द्यायला रोज तीन वेळा व्यायाम करा. वायू अडवताना जसं आत आणि वर ओढून घेतो तसं आवळा, 10 सेकंद धरा, पूर्ण सैल सोडा, 10 सेकंद थांबा. असं 10 वेळा. मग झटपट आवळून सोडणं 10 वेळा. सुरुवातीला 10 सेकंद जमणार नाहीत, तीन-चारपासून वाढवत न्या. आधी झोपून, मग बसून, मग उभं राहून. पळणं उभ्यानं होतं, त्यामुळे झोपून केलेला व्यायाम एकटा पुरत नाही.

इथे चुका ठरलेल्या. कुल्ले आणि मांड्या आवळल्या जातात आणि नेमकं हवं ते सैलच राहतं. श्वास रोखला जातो, त्यामुळे दाब उलट खाली जातो. सैल सोडण्याचा भाग विसरला जातो. सतत आवळून ठेवलेला स्नायू थकून जातो. काही जणी लघवी करताना मध्येच धार थांबवून सराव करतात, तेही करू नका. फरक पडायला निदान तीन महिने लागतात.

आता तुमच्या सवयींबद्दल. पाणी बंद केल्यानं लघवी गडद होते, मूत्राशयाला झोंबते आणि घाई आणखी वाढते. निघायच्या दोन तास आधी दोन ग्लास पाणी प्या, निघताना लघवीला जाऊन या. बद्धकोष्ठ असेल तर आधी ते सोडवा, कारण रोज कुंथण्यानं हाच थर खाली ढकलला जातो. पाण्याचा भरलेला हंडा 15 किलोच्या पुढे जातो. तो उचलताना गुडघ्यातून वाका, आधी खालचे स्नायू आवळा आणि उचलता उचलता श्वास सोडा. हे एकच वळण लागलं तरी बऱ्याच जणींना फरक जाणवतो.

पळणं पूर्ण बंद करू नका, कमी करा. लहान पावलं टाका, उतारावर चाला, आणि जितक्या मिनिटांनी लघवी निसटते त्याच्या एक मिनिट आधी चालायला लागा. पण खाली काही उतरल्यासारखं, अंग बाहेर येतंय असं वाटत असेल, तर पळणं थांबवून स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यावरही उपचार आहेत.

प्रश्न: लेकीला अंगावर पाजते, ती पाच महिन्यांची आहे. सासूबाई म्हणतात, पळून आलेल्या बाईचं दूध गरम होतं, आटतं. त्यांना काय सांगू? (वसमत, जि. हिंगोली)

पळण्यानं दूध आटत नाही आणि गरमही होत नाही, असं निवांत सांगा. दूध किती येणार हे लेकरू किती वेळा आणि किती पोटभर ओढतं यावर ठरतं. मध्यम वेगाच्या व्यायामानं दुधाचं प्रमाण किंवा कस बदलत नाही. दम तुटेपर्यंत पळल्यावर दुधात लॅक्टिक अ‍ॅसिड थोडं वाढतं, पण त्यानं लेकराला अपाय होत नाही. कधी पळून आल्यावर लेकरू तोंड फिरवतं, ते घामाच्या खारटपणामुळे. साध्या पाण्यानं पुसून घ्या आणि पाजा.

सासूबाईंच्या काळजीत एक खरी गोष्ट आहे, ती मात्र मनावर घ्या. आई कमी खाऊन, कमी पाणी पिऊन पळत राहिली तर ती स्वतः खंगते आणि दुधावरही त्याचा परिणाम होऊ शकतो. पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज सुमारे 600 उष्मांक जास्त लागतात आणि पुढचे सहा महिने सुमारे 520. त्यात पळण्याचे मिळवा: किलोमीटरला साधारण वजनाच्या किलोंइतके उष्मांक. 55 किलोच्या बाईला चार किलोमीटरसाठी 220 झाले. म्हणजे नेहमीच्या जेवणाखेरीज एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, पेलाभर दूध आणि एक डिंकाचा किंवा अळिवाचा लाडू, आणि पळण्याच्या दिवशी त्यावर मूठभर शेंगदाणे नि गूळ. वजन उतरवण्यासाठी या काळात जेवण तोडू नका. काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देतात, ती पद्धत तर पूर्ण सोडा. दर वेळी पाजायला बसताना हाताशी तांब्या ठेवावा.

निघायच्या आधी पाजून घ्या. छाती हलकी होते आणि तासभर तुम्ही मोकळ्या होता. अर्ध्या-पाऊण तासासाठी दूध काढून ठेवायची गरज पडत नाही. ठेवायचंच असेल तर 25 अंशांपर्यंतच्या खोलीत ते चार तास टिकतं, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये खोली एवढी थंड नसते. फ्रिजमध्ये चार दिवस चालतं, पण लाईट तासन् तास जात असेल तर त्या भरवशावर राहू नका. स्पोर्ट्स ब्रा आधार देणारी हवी, आवळणारी नको. गच्च ब्रा तासभर अंगात राहिली की दुधाच्या गाठी होतात. घरी आल्यावर ओली ब्रा लगेच बदला.

प्रश्न: मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. लेकरं चार आणि दीड वर्षांची. मिस्टरांची शिफ्ट ड्युटी आहे. पाच किलोमीटर पळते, पण कधी दोन दिवस, कधी आठ-आठ दिवस खंड. हिवाळ्यात 21 किलोमीटरची स्पर्धा करायची इच्छा आहे. जमेल का? (जालना)

जमेल, पण आहे त्या पद्धतीनं नाही. तुम्ही वेळ उरला की पळता, आणि दोन लेकरांच्या घरात वेळ उरत नसतो. आठवड्यातून तीनच दिवस पळा, पण ते घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या आणि कॅलेंडरवर लिहा. अर्ध मॅरेथॉन 21.0975 किलोमीटरची असते. ती पूर्ण करायला तीन दिवस पुरतात, मात्र त्यातला एक दिवस लांब पळायचाच हवा.

दिवस ठरवताना आधी नळाचं वेळापत्रक पाहा. ज्या दिवशी पाणी येतं ती सकाळ पळण्यासाठी धरूच नका. मोटर, टाकी आणि भांडी यांत ती गेली. मिस्टरांची शिफ्ट आठवड्याला बदलत असेल तर दर रविवारी रात्री पुढच्या आठवड्याचे दोन दिवस नक्की करा. आठवड्यातले दोन दिवस 35-40 मिनिटं आणि रविवारी लांब. दोन संध्याकाळी घरीच 15 मिनिटं ताकदीचे व्यायाम, लेकरं भोवती खेळत असली तरी होतात.

रविवारच्या किलोमीटरचा क्रम असा: 6, 7, 8, मग 6. पुढे 9, 10.5, 12, मग 9. पुढे 13, 14.5, 16, मग 12. शेवटी 17, 18, 12, 8, आणि सतराव्या रविवारी स्पर्धा. दर चौथा आठवडा मुद्दाम हलका ठेवलाय, कारण पोटरीचे आणि टाचेचे दुखणे बहुधा सलग वाढवत नेल्यानं येतात. स्पर्धा डिसेंबरच्या मध्याला असेल तर सुरुवात ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात करावी लागेल. किलोमीटरला आठ मिनिटं धरली तर 18 किलोमीटरला जवळजवळ अडीच तास लागतात. तेवढा वेळ लेकरांजवळ कोण थांबणार हे ऑगस्टमध्येच ठरवा. नोव्हेंबरमध्ये ठरवायला गेलात तर नेमके शेवटचे लांब रविवार हुकतात, आणि त्याच रविवारांवर स्पर्धा उभी असते. सव्वा तासाच्या पुढे पळताना तासाला चार-पाच लहान खजूर आणि अधूनमधून पाणी घ्या.

रात्री लेकरू तीनदा उठलं आणि झोप तुटक पाच तासांच्या आत झाली, तर सकाळी पळू नका. 20 मिनिटं चाला किंवा सरळ झोपा. हुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी भरून काढू नका. तो गेला.

पावसाळ्यात काळ्या रानातल्या वाटा टाळा. चिखल बुटाला चिकटून पाय जड होतो आणि घोटा मुरगळतो. मुरमाची वाट किंवा डांबरी कड बरी. डांबरी रस्त्यावर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या बाजूनं पळा आणि अंधारात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट घाला. ऊसतोड सुरू झाली की पहाटे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, ओव्हरलोड ट्रॉलीचा ऊस बाजूला दोन-दोन फूट बाहेर असतो. त्या महिन्यांत जिल्हा क्रीडा संकुलाचं किंवा कॉलेजचं मैदान गाठा, फेऱ्या मारणं कंटाळवाणं असलं तरी.

बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाऊल जरा पसरलेलं असतं. बाळंतपणानंतर पाऊल कायमचं अर्ध्या नंबरानं वाढलेलं असू शकतं, जुन्या नंबरावर जाऊ नका. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली की मधले दोन दिवस घरच्या व्यायामावर भागवा आणि रविवारी सूर्य उगवायच्या आत पळून या. संध्याकाळी सातलाही आपल्याकडे जमीन तापलेलीच असते.

प्रश्न: लेकरू एक वर्षाचं झालं. दोन किलोमीटरमध्ये धाप लागते, पायात गोळे येतात. तपासणीत हिमोग्लोबिन 9.8 आलं. पळत राहिलं तर वाढेल का? (परभणी)

पळून हिमोग्लोबिन वाढत नाही. स्त्रियांमध्ये ते 12 च्या वर हवं. 8 ते 10.9 म्हणजे मध्यम रक्तक्षय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, तेव्हा तुम्ही एकट्या नाही. पण 9.8 वर वेगानं पळणं म्हणजे शरीराला कर्ज काढायला लावणं आहे. 11 च्या वर येईपर्यंत चालणं आणि हलके व्यायाम एवढंच करा.

डॉक्टरांकडून लोहाच्या गोळीचं प्रमाण ठरवून घ्या आणि फेरिटिनही तपासून घ्या. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. सकाळच्या चहासोबत गोळी घेणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. शौच काळी होते, त्यानं घाबरू नका. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या, पण सोडू नका. महिन्याला साधारण एक ग्रॅम वाढ होते, आणि आकडा 12 वर गेल्यावरही साठा भरायला आणखी तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. जंताच्या गोळीबद्दलही विचारा. पाळीत रक्तस्राव जास्त जात असेल तर ते आधी सांगा, नाहीतर एकीकडून भरलेलं दुसरीकडून जातं.

जेवणात हुलगे, मोड आलेली मटकी, शेवग्याचा पाला, राजगिरा, कारळाची चटणी, आणि चालत असेल तर मटण, अंडी. वर लिंबू पिळायची सवय लावा. ज्वारीची भाकरी रोजचीच आहे, तर ‘परभणी शक्ती’ हे वाण मिळतं का ते पाहा. तुमच्याच गावच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं 2018 मध्ये ते प्रसारित केलं. त्यात नेहमीच्या ज्वारीपेक्षा लोह आणि जस्त जास्त आहे. गोळीची जागा मात्र ते घेणार नाही.

प्रश्न: बाळंतपणानंतर पहिला वेग परत येतो का? (धाराशिव)

येतो. केनियाच्या फेथ किपयेगॉन यांना जून 2018 मध्ये मुलगी झाली. 2019 च्या जागतिक स्पर्धेत 1500 मीटरला त्यांनी रौप्य आणि 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवलं. तरी पहिल्या वर्षी घड्याळ घरी ठेवा. रात्रीची झोप सलग व्हायला लागली की वेग आपोआप सुधारायला लागतो.

प्रश्न: माझ्या बायकोला पळायची खूप आवड आहे. लेकरू आठ महिन्यांचं. ती सकाळी गेली की घरात बोलणी होतात. मी काय करू? (गेवराई, जि. बीड)

ती बोलणी तुम्ही अंगावर घ्या. ‘मी जा म्हटलं’ असं तुमच्या तोंडून आई-वडिलांनी ऐकलं की निम्मा विषय संपतो. मग ती पळायला जाईल त्या सकाळी लेकरू पूर्ण तुमच्याकडे: लंगोट बदलणं, भरवणं, रडलं तर फिरवणं. ती परत आल्यावर ‘आता घे’ म्हणून लगेच हातात देऊ नका. 15 मिनिटं तिला पाणी प्यायला, अंघोळीला आणि काहीतरी खायला द्या. पळण्याच्या दिवशी तिच्या वाट्याचं दळण किंवा बाजार तुमच्याकडे घ्या, नाहीतर तेच काम संध्याकाळी तिच्यावरच येतं. आणि एक पाहत राहा: ती दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास असेल, लेकराकडे, पळण्याकडे कशाकडेच मन लागत नसेल, तर डॉक्टरांकडे घेऊन जा. सरकारच्या मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

प्रश्न: लेकराला बाबागाडीत घालून पळता येईल का? शिवाय आमच्या भागात कुत्री फार आहेत. (नांदेड)

साध्या बाबागाडीत नको. पळण्यासाठीची मोठ्या तीन चाकांची, हाताला बांधायचा पट्टा आणि ब्रेक असलेली गाडी वेगळी येते. तीतही लेकरू निदान सहा महिन्यांचं आणि मान पक्की धरणारं हवं; बरेच उत्पादक आठ महिने म्हणतात. खड्डे आणि स्पीडब्रेकर असलेल्या रस्त्यावर ती चालत नाही, मोकळ्या मैदानात चालते. कुत्रं अंगावर आलं तर पळू नका. थांबा, नजर न भिडवता हळूहळू मागे सरका. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. अंगावर पाजत असाल तरी लस घ्यायचीच, पाजणं थांबवावं लागत नाही.